झाडीपट्टीच्या नटाला उपदेश करण्यापूर्वी

दरवर्षी दिवाळी सरते, धान कापून खळ्यावर येते, वडशाला नाटक कंपन्यांच्या कार्यालयांपुढे गावोगावच्या मंडळींची वर्दळ सुरू होते, आणि त्याच सुमारास आमच्या भागातल्या चर्चासत्रांतून व वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून एक ठरलेला सूर लागतो. झाडीपट्टीच्या रंगभूमीचा दर्जा घसरला आहे. नट रात्रीमागून रात्री प्रयोग करीत सुटले आहेत. तालमी होत नाहीत, प्रॉम्प्टरच्या भरवशावर संवाद म्हटले जातात. कलावंतांनी पैशाचा मोह आवरून थोडे पण चांगले करावे. हा उपदेश बहुधा दुपारच्या सत्रात, भरपेट जेवणानंतर होतो. आणि ज्यांना तो करायचा ते त्या वेळी आदल्या रात्रीचे जागरण भरून काढीत कुठल्यातरी गाडीत झोपलेले असतात. या उपदेशाला आमचा विरोध आहे. दर्जाविषयी तक्रारीला जागाच नाही असे आम्ही म्हणत नाही. पण घसरणीचे जे कारण सांगितले जाते ते चुकीचे आहे, आणि त्यामुळे दोष भलत्याच माणसाच्या माथी बसतो.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतला जंगलाचा आणि धानाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. दंडार, खडी गंमत अशा लोकप्रकारांच्या शेजारी वाढलेली इथली रंगभूमी नाट्यगृहावाचून जगते. दिवाळीपासून होळीपर्यंत तिचा हंगाम. मोकळ्या शिवारात मंच उभा राहतो, कनाती लागतात, ऑर्गन-तबल्याच्या जोडीला आता ऑक्टोपॅडही आलेला असतो. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि उजाडेपर्यंत नाटक चालते. निमित्त मंडईचे असते किंवा शंकरपटाचे. दिवसा बैल धावतात, रात्री नाटक. घरोघरी पाहुणे येतात, आणि त्या पाहुणचारात सोयरिकीही जुळतात. नाटक ठरवते ते गावाचे मंडळ. मंडळाची माणसे वडशाला येऊन कंपनीशी रक्कम ठरवतात, इसार देतात, गावात तिकिटे विकतात. रक्कम भागवून उरेल ते गावाचे. ते मंदिराला, समाजमंदिराला, शाळेला लागते. तूट आली तर मंडळाची पोरे पदरमोड करतात. या मूळ व्यवहारात सरकारचा पैसा नाही, कुणा शेठ-सावकाराचा वरदहस्त नाही. नटाला प्रयोगागणिक ‘नाइट’ मिळते. प्रयोग नाही त्या रात्री काही नाही.

आता उपदेशकांच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या या नटाच्या नावापुढे ५,००० हून अधिक प्रयोग आणि ८०० भूमिका असा हिशेब त्या वेळी सगळीकडे छापून आला, आणि आपण सर्वांनी तो अभिमानाने वाचला. पुरस्काराच्या बातमीत हाच आकडा गौरवाचा ठरतो आणि चर्चासत्रात तोच आरोप होतो, ही गंमत क्षणभर बाजूला ठेवू. तो आकडा नीट वाचावा एवढीच आमची विनंती आहे. ५,००० ला ८०० ने भागले तर एका भूमिकेच्या वाट्याला सरासरी सहा प्रयोग येतात. हा ढोबळ हिशेब आहे. एखादी भूमिका शंभरदा झाली असेल, एखादी एकदाच. पण ढोबळ हिशेबातूनही जे दिसायचे ते दिसते.

शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहावा. प्रशांत दामले यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईत आपला १२,५०० वा प्रयोग केला. खुणे यांच्या अडीचपट. इतके प्रयोग केल्याने दामल्यांचा दर्जा घसरला, त्यांनी आता मोह आवरावा, असे कोणी लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही. उलट त्या विक्रमाचा सोहळा झाला, आणि तो योग्यच होता. म्हणजे भरपूर प्रयोग करणे हा नटाचा दोष आहे हे तत्त्व मुंबई-पुण्याला लागू नाही, वडशाला मात्र लागू आहे! खरा भेद आहे तो असा: मुंबईचा व्यावसायिक नट तेच नाटक शेकडो वेळा करतो. पहिल्या पंचवीस प्रयोगांत चाचपडतो, पन्नासाव्याला जागा सापडतात, शंभराव्याला भूमिका अंगात मुरलेली असते. तिथे संख्याच गुणवत्ता घडवते. झाडीपट्टीचा नट सहाव्या-सातव्या प्रयोगाला, म्हणजे जिथे भूमिका नुकती कळू लागते तिथे, ती टाकून नवी घेतो. त्याच्या वाट्याला प्रयोग जास्त आलेले नाहीत; नाटके जास्त आली आहेत. ‘कमी प्रयोग करा’ हा सल्ला म्हणूनच निरुपयोगी आहे. आठशेच्या आठशे भूमिका तशाच ठेवून प्रयोग निम्म्यावर आणले तर प्रत्येक भूमिकेला तीनच प्रयोग मिळतील. दर्जा वाढायचा दूरच.

मग नाटके इतकी का लागतात? कारण गावाला दर साल नवे नाटक हवे असते, आणि शेजारच्या गावाने पाहिलेले नको असते. पाहुणे पंचक्रोशीतलेच. त्यांनी आठ दिवसांपूर्वी तिकडे पाहिलेले नाटक आपल्या गावात पुन्हा दाखवायचे म्हणजे गावाचा कमीपणा, अशी मंडळांची समजूत. त्यातच एका रात्री जवळपासच्या दोन-तीन गावांत नाटके असली की तिकीट खपेल की नाही ही धास्ती. या धास्तीचा उपाय मंडळाने शोधला तो फलकावरच्या नावाचा. मालिकेतला एखादा ओळखीचा चेहरा मुंबईहून आणायचा, नाहीतर मध्ये दोन-चार झगमगीत नाच घालायचे. चेहऱ्याची नाइट स्थानिक नटाच्या नाइटीपेक्षा कितीतरी मोठी. रक्कम तीच, वाटे बदलले. ते ज्यांच्या ताटातून निघाले त्यांत पहिला लेखक, दुसरी तालीम.

तालमीचे थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण सगळ्यात जास्त टोमणे तिच्यावरून मारले जातात. तालीम व्हायची ती हंगामाआधी, म्हणजे पावसाळ्यात. पण पावसाळा हाच रोवणीचा काळ. ज्या नटाचे, वादकाचे, पडदे ओढणाऱ्याचे घर चार बांध्यांवर किंवा दुसऱ्याच्या बांधीतल्या मजुरीवर चालते, त्याने आषाढ-श्रावणात रोवणी सोडून बिनपैशाच्या तालमीला यावे अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? तालमीचे दाम कोणी देत नाही. कंपनीचा मालक म्हणतो, इसार दिवाळीच्या आसपास येतो, त्याआधी आम्ही कुठून द्यावे; त्याचेही खोटे नाही. तेव्हा तालीम होत नाही हा आळशीपणा नसून न दिलेल्या मजुरीचा परिणाम आहे. प्रॉम्प्टरची चेष्टा करणाऱ्यांनी हेही पाहावे की आठवड्याला वेगळे नाटक उभे करणाऱ्या कोणत्याही मंडळीला प्रॉम्प्टर लागतोच. तो नसता तर ही रंगभूमी एक हंगामही चालली नसती.

इथे आमच्याच वर्गाविषयी एक वाक्य. आम्ही मराठी शिकवणारे प्राध्यापक. मार्च २०२० नंतर टाळेबंदी आली, वर्ग बंद झाले, तरी पगार महिन्याच्या महिन्याला खात्यात जमा होत राहिला. झाडीपट्टीचा २०२०-२१ चा हंगाम मात्र कोलमडला, आणि ज्याला प्रयोगाचीच नाइट मिळते त्याला प्रयोगाविना कोणी काही देण्याचा प्रश्न नव्हता. पाच महिन्यांत बारा महिन्यांची भाकर गोळा करणाऱ्याला ‘थोडे पण चांगले’ हे सूत्र सांगण्याचा अधिकार निदान आम्हाला तरी नाही.

या उपदेशकांच्या समोरच्या बाजूला दुसरा एक कंपू आहे, आणि तो आम्हाला अधिक घातक वाटतो. हा कंपू कौतुक करणाऱ्यांचा. शहरातून एखाद्या रात्रीसाठी येतो, २०२२ चा ‘झॉलीवूड’ चित्रपट पाहून आलेला असतो, थंडीत शेकोटीपाशी बसून नाटक पाहतो आणि परत जाऊन लिहितो की अनुदानाविना, केवळ लोकाश्रयावर जगणारी ही महाराष्ट्रातली खरीखुरी रंगभूमी! ‘लोकाश्रय’ या शब्दाने आमच्या समीक्षेत फार घोटाळा केला आहे. आश्रय म्हटला की देणारा वर, घेणारा खाली. देणाऱ्याने उपकार करायचा, घेणाऱ्याने कृतज्ञ राहायचे. वस्तुस्थिती वेगळी आहे. नाटकावर गाव पैसा मिळवते. समाजमंदिराच्या भिंतीवर देणगीदारांची नावे कोरलेली असतात. त्या भिंतीच्या विटा नाटकाच्या उत्पन्नातून आल्या असतील तर नटाने कमी नाइट घेऊन दिलेली देणगीही त्यात आहे. तिची पाटी आम्ही कुठे पाहिली नाही. गाव या धंद्यात भागीदार आहे, आणि भागीदाराला हिशेब विचारता येतो. आश्रयदात्याला तो विचारता येत नाही, म्हणून तर हा शब्द सगळ्यांना सोयीचा पडतो.

शिवाय हा आश्रय नाटकाच्या गुणावर किती अवलंबून असतो? २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या. निकालाच्या बऱ्यावाईटाचा हा विषय नाही. पण शंकरपटाच्या निमित्ताने जे नाटक ठरायचे त्याच्या पायाखालची जमीन त्या दिवशी सरकली, आणि त्या नाटकातल्या कोणी एक संवादही वाईट म्हटलेला नव्हता. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला पुन्हा परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा ग्राह्य धरला, तेव्हा पटाच्या जोडीने रात्रीचे निमित्तही परतले. पुन्हा नाटकाच्या गुणदोषांशी संबंध नाही. ज्याचे उत्पन्न धानाच्या भावावर, बैलांच्या खटल्यावर आणि शेजारच्या गावाच्या फलकावर ठरते, त्याला ‘तू चांगले कर, पैसा आपोआप येईल’ असे सांगणे ही भाबडी लबाडी आहे. चांगले करून पैसा येतोच असेही नाही. गंधर्व नाटक मंडळी कर्जात बुडाली ती गुणांचा दुष्काळ पडला म्हणून नव्हे. उंची मखमल, अत्तरे आणि देखाव्यांचा सोस यांचा त्यात मोठा वाटा होता. त्या सोसाला आमचे समीक्षक ‘रसिकता’ म्हणतात. वडशाच्या कंपनीने रंगीत दिवे आणले की तो ‘बाजार’ होतो.

या भूमीत वेगळ्या वाटेने जाणारे नाहीत असेही नाही. नवरगावचे सदानंद बोरकर स्वतः लिहितात, स्वतः बसवतात, नेपथ्यही स्वतः रंगवतात. पण एकाच माणसाने तिन्ही कामे अंगावर घेतली की तालमीचा आणि लेखणीचा वाटा दुसऱ्या कुणाकडून मागावा लागत नाही, हेही त्यातून कळते. प्रत्येक कंपनीला असा माणूस कुठून मिळणार? बाकीच्यांसाठी पैशाचीच वाट मोकळी करावी लागेल.

आम्हाला सुचते ते फार थोर नाही. एका पंचक्रोशीतल्या मंडळांनी दिवाळीआधी एकत्र बसून दोन किंवा तीनच नाटके निवडावीत आणि तीच आपापल्या मंडईला फिरती घ्यावीत. एका गावाने पाहिलेले दुसऱ्याने पाहायला हरकत काय आहे? दंडार पाहताना तर असा नवेपणाचा हट्ट कोणी धरीत नसे. असे झाले तर कंपनीला आठाऐवजी तीन नाटके बसवावी लागतील, नटाच्या नाइटी एकाने कमी होणार नाहीत, आणि भूमिकेला सहाऐवजी सोळा-सतरा प्रयोग मिळतील. इसाराचा काही भाग पोळ्याच्या सुमारास, रोवणीच्या कामातून हात मोकळे झाले की द्यावा, आणि तो तालमीच्या मजुरीसाठीच आहे असे करारात लिहावे. लेखकाला एकदाच गठ्ठ्याने रक्कम देण्याऐवजी प्रयोगागणिक मानधन द्यावे. म्हणजे जुने चांगले नाटक पुन्हा करण्यात त्यालाही रस राहील. मुंबईचा चेहरा हवा तर खुशाल आणावा, त्याच्या नाइटीचा आकडा मात्र तिकिटाच्या हिशेबासोबत चावडीवर लावावा. तो वाचून गाव काय ठरवायचे ते ठरवील. मंडळांचे कारभारी म्हणतील की तीच नाटके पाहायला पाहुणे येणार नाहीत. पाहुणे जावयाकडे, भाचीकडे, सोयरिकीकडे येतात. नाटक नुसते नवे आहे म्हणून कोणी बैलबंडी किंवा मोटारसायकल काढून वीस मैल येत असेल असे आम्हाला वाटत नाही.

एक काम आमच्या गोटातले आहे. या नाटकांतली फार थोडी छापली गेली. पुष्कळदा प्रॉम्प्टरच्या हातातली वही हीच संहितेची एकुलती प्रत असते, दिव्याच्या उजेडात वाचून वाचून कडा मळलेली, समासात नटांच्या सोयीने केलेल्या खाडाखोडीची. गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये गडचिरोलीत स्थापन झाले. त्याच्या मराठी विभागांनी आणि आमच्यासारख्यांच्या महाविद्यालयांनी दर्जावर आणखी एक चर्चासत्र घेण्याऐवजी त्या वह्या उतरवून घ्याव्यात, लेखकाच्या नावानिशी छापाव्यात. एकदा संहिता छापील हाती आली की मंडळाला दोन वर्षांपूर्वीचे नाटक मागता येईल आणि लेखकाला त्याचे मानधन. हंगाम संपला की या वह्या कुणाच्या पेटीत जातात ते अद्याप कोणी विचारलेले दिसत नाही. येत्या होळीनंतर ते विचारायला आम्ही वडशाला जाणार आहोत.