एका हंगामाचा जमाखर्च

गेल्या महिन्यात कासारवाडीला आमच्या आपाच्या घरी बैठक बसली. भाच्याच्या लग्नाचे काही बोलणे असेल, असे समजून आम्ही मिठाईचा पुडा घेऊन गेलो. पण चहा झाल्यावर पुढ्यात आली ती दोनशे पानांची वही. तिच्यात रकाने आखलेले: रेल्वे, खोली, जेवण, प्रवेश फी, कॅडी, बॉल. शेवटचा रकाना ‘जमा’, आणि तो बऱ्याच ठिकाणी कोरा. हिशेब भाच्याचा होता, अक्षर मात्र त्याच्या धाकट्या बहिणीचे.

भाचा चोवीस वर्षांचा आहे आणि व्यावसायिक गोल्फ खेळतो. हे वाचून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. गोल्फ म्हणजे बड्या साहेबांचा खेळ, आपल्या घरांचा त्याच्याशी काय संबंध? आमचे उत्तर असे, की संबंध जुना आहे, फक्त तो पिशवी वाहण्याचा होता. भाच्याचे दादा येरवड्याला पूना क्लबच्या गोल्फ मैदानावर कॅडी होते. खेळणाऱ्याची पिशवी खांद्यावर घेऊन मैलोन्‌मैल चालायचे, गवताचा उतार कुठे आहे ते सांगायचे, गवतात हरवलेला चेंडू शोधायचा. साहेब निघून गेल्यावर दादा टाकून दिलेल्या काठीने दोन-चार फटके मारून पाहत. तीच काठी पुढे नातवाच्या हाती आली.

भाच्याचे अब्बा, म्हणजे आमचे दुल्हेभाई, भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीनवर आहेत. तिथे तयार होणारे सुटे भाग चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यांना जातात. पंचवीस वर्षे मायक्रोमीटर हाती धरलेला हा माणूस. गोल्फच्या भोकाचा व्यास १०८ मिलिमीटर असतो आणि चेंडूचा ४२.६७, हे कळले तेव्हा त्यांनी लगेच म्हटले, “एवढी मोकळी जागा आहे तर आत जायला अडचण काय?” मुलाने त्यांना एकदा मैदानावर नेले. चार हातांवरून त्यांनी सहा वेळा चेंडू ढकलला आणि सहाही वेळा तो भोकाच्या कडेने निघून गेला. त्या दिवसापासून त्यांनी खेळाला नावे ठेवणे सोडले.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मैदानावर अठरा भोके असतात. चेंडू कमीत कमी फटक्यांत एकेका भोकात घालत पुढे जायचे. चांगल्या खेळाडूने साधारण बहात्तर फटक्यांत अठरा भोके पुरी करावीत अशी अपेक्षा असते. पिशवीत चौदापेक्षा जास्त काठ्या ठेवता येत नाहीत. समोर भांडायला प्रतिस्पर्धी नसतो. जो तो आपले फटके मोजतो, आणि शेवटी ज्याचे सर्वांत कमी तो जिंकतो.

आता यातली रोजी कशी मिळते ते पाहू. भारतात व्यावसायिक गोल्फचा दौरा पीजीटीआय ही संस्था चालवते. ती २००६ साली स्थापन झाली आणि २०२४ पासून कपिल देव तिचे अध्यक्ष आहेत. मुख्य दौऱ्यावर खेळायला ‘कार्ड’ लागते आणि ते पात्रता स्पर्धेतून मिळते. मुख्य दौऱ्यावर एक कोटीच्या स्पर्धेत पहिला येणारा पंधरा लाख घेऊन जातो. ज्यांच्याकडे हे कार्ड नाही त्यांच्यासाठी २०२४ मध्ये ‘नेक्सजेन’ नावाचा खालच्या पायरीचा दौरा सुरू झाला. तिथे बक्षिसे बरीच लहान, पण कमाईच्या यादीत वर राहिले की मुख्य दौऱ्याचे दार उघडते. जगभर हीच रीत आहे. अमेरिकेत असा दुय्यम दौरा १९९० पासून आहे, आशियात २०१० पासून.

या खालच्या पायरीवर भाच्याने एक हंगाम काढला. नऊ स्पर्धा खेळल्या. तिथे कोणी नेमलेला पगार देत नाही. स्पर्धा तीन दिवसांची असते आणि दोन दिवस झाले की चाळण लागते. फटके जास्त झालेले खेळाडू गळतात, आणि गळलेल्याला एक पैसाही मिळत नाही. रेल्वेचे भाडे, खोलीचे भाडे, फी, सगळे त्याच्या अंगावर. दुल्हेभाई आपल्या भाषेत म्हणाले, “आमच्याकडे पीस रिजेक्ट झाला तर बोलणी खावी लागतात, पण महिन्याला पगार होतो. याच्या खेळात पीसही जातो आणि पगारही.”

नऊपैकी चार वेळा भाचा चाळणीवर टिकला. एकदा अकरावा आला. दोन वेळा एकाच फटक्याने गळला. त्यांतला एक फटका शेवटच्या भोकावरचा होता, दीड हातावरून चुकलेला. तीन मुले मिळून एका खोलीत राहायची. एक बंगालचा, एक हरयाणाचा, एक हा. सकाळी एकजण अंडी उकडायचा, दुसरा पाव आणायचा. बहुतेक वेळा कॅडी परवडत नसे, म्हणून पिशवी स्वतःच ओढायची. दादांनी जी पिशवी दुसऱ्याची वाहिली, ती नातू स्वतःची वाहत होता, एवढाच फरक.

त्याच्या बहुतेक स्पर्धांचा शेवटचा दिवस शुक्रवार. चाळणीवर टिकला तर त्या वेळी तो मैदानावर असे आणि मुसाफिराला सवलत आहे म्हणून नंतर जोहर अदा करी. गळला तर त्या गावच्या मशिदीत जुम्याला हजर. त्यामुळे आपाला निकाल विचारावा लागत नसे. शुक्रवारी दुपारी अडीचला मुलाचा फोन आला की ती समजून जाई. “जुमा मिळाला का बेटा?” एवढेच विचारी. तो “हो अम्मी” म्हणे. पुढे दोघेही खेळाचा विषय काढत नसत.

घरात आणखी एक प्रश्न होता, आणि तो आम्हाला महत्त्वाचा वाटतो. बक्षिसाचा पैसा हलाल की जुगाराचा? दुल्हेभाईंनी मोहल्ल्यातल्या मौलाना साहेबांना विचारले. त्यांनी उलट विचारले, “बक्षीस कोणाच्या खिशातून येते?” खेळणाऱ्यांनीच पैसे गोळा करून जिंकणाऱ्याने उचलायचे असतील तर ते टाळावे. बाहेरचा कोणी पुरस्कर्ता कौशल्याचे इनाम देत असेल तर गोष्ट वेगळी. फीचा पैसा कुठे जातो तेही विचारून घे, असे त्यांनी सांगितले, आणि मुलाने ते विचारून घेतले. हौशी लोक मैदानावर आपसात पैज लावतात, तिच्यात मात्र तो कधी बसला नाही. त्यावरून त्याची थट्टा झाली, पण पुढे लोकांनी आग्रह करणे सोडले.

तर आता वहीकडे येऊ. भाचीने शेवटच्या पानावर बेरीज मांडली होती. वर्षाचा खर्च दोन लाख बासष्ट हजार. जमा एक लाख अठरा हजार. तूट एक लाख चव्वेचाळीस हजार. ही तूट दुल्हेभाईंच्या ओव्हरटाइममधून आणि आपाच्या शिवणकामातून भरली गेली होती. पुढच्या हंगामासाठी हाती काही उरले नव्हते. पोस्टातली ठेव तेवढी होती, आणि ती मोडायची की नाही यासाठीच आम्हाला बोलावले होते.

ती ठेव भाचीच्या नर्सिंगच्या फीसाठी होती.

दुल्हेभाई मान खाली घालून बोलले, “पोरगा एका फटक्याने मागे पडतो. आणखी एक वर्ष मिळाले तर निघेल. हिची फी नंतर कशीही उभी करू.” त्यांचे बोलणे खोटे नव्हते. याच वाटेने निघालेली माणसे आहेत. दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून वाढलेल्या अली शेर यांनी १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली. ही स्पर्धा १९६४ पासून चालत आलेली, आणि ती जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू. १९९३ मध्ये त्यांनी ती पुन्हा जिंकली. दिल्लीचेच रशीद खान २०१० च्या ग्वांगझू आशियाई खेळांत रौप्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात होते आणि २०१४ मध्ये त्यांनी एशियन टूरच्या दोन स्पर्धा जिंकल्या. ढाक्याचे सिद्दिकुर रहमान मैदानावर चेंडू गोळा करणारे पोरगे होते. २०१० मध्ये ते ब्रुनेई ओपन जिंकले आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये बांगलादेशचा झेंडा घेऊन चालले. आपल्या पुण्याचे उदयन माने टोकियो ऑलिम्पिकला खेळून आले. ही सगळी नावे भाच्याला पाठ आहेत, आणि हळूहळू दुल्हेभाईंनाही झाली आहेत.

भाची इतका वेळ गप्प होती. मग तिने वही आपल्याकडे ओढली आणि म्हणाली, “मामू, वर्षभर भाईचा एकेक रुपया मी लिहिला. बॉल किती हरवले तेसुद्धा लिहिले. भाई जिंकावा म्हणून दुआ मीही करते. पण माझ्या फीचा रकाना या वहीत नव्हता, म्हणून ती खर्चात धरायची नाही का?”

खोलीत कोणी बोलेना. आपाने डोळ्यांना पदर लावला. अखेर भाचाच उठला. “ठेवीला हात लावायचा नाही, अब्बा. तिची फी मोडून खेळलो तर दीड हातावरून माझा चेंडू कधीच आत जाणार नाही.”

त्यानंतर खरी बैठक सुरू झाली. आम्ही एवढेच विचारले, की या पट्ट्यात गोल्फ कोणाला हवा आहे? उत्तर घराजवळच होते. चाकण-तळेगावच्या कारखान्यांत कोरियन, जपानी, जर्मन साहेब आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांना या खेळाची आवड असते आणि रविवारी सकाळी शिकवणारा हवा असतो. भाच्याने याआधी दोघांना शिकवले होते, पण तो त्याला कमीपणा समजत होता. दौऱ्यावरचा खेळाडू आणि शिकवण्या घेणार? दुल्हेभाई म्हणाले, “मी मशीन चालवतो आणि नव्या पोरांना शिकवतोही. त्याने माझा हात बिघडला नाही.”

ठरले ते असे. शनिवार-रविवार शिकवणी. त्यातून जमेल तेवढ्याच स्पर्धा, नऊऐवजी पाच, आणि शक्यतो एका रात्रीच्या रेल्वेच्या अंतरावरच्या. सरावाला नाशिक फाट्याहून मेट्रोने सिव्हिल कोर्ट, तिथे गाडी बदलून येरवडा, म्हणजे पेट्रोल वाचेल. मुदत दोन वर्षांची. तोवर इंडियन गोल्फ युनियनच्या नॅशनल गोल्फ अकॅडमीचा प्रशिक्षकाचा वर्ग पुरा करायचा, म्हणजे कार्ड मिळो न मिळो, हातात काहीतरी राहील. भाचीची फी वेळेवर. आणि भाचीची एक अट: पुढची वही भाईने स्वतः लिहायची.

वाचक बंधू-भगिनींनो, प्रत्येकाच्या घरात गोल्फ नसेल. पण कुठे क्रिकेट असते, कुठे कुस्ती, कुठे स्पर्धा परीक्षेचे चौथे वर्ष. एक मूल एका स्वप्नामागे धावते आणि बाकीचे घर त्याच्यासाठी काटकसर करते. धावणाऱ्याचा खर्च सर्वांना दिसतो. न बोलणाऱ्याचा, विशेषतः मुलीचा, कुठेच लिहिला जात नाही. मुलांना स्वप्ने पाहू नका असे आम्ही म्हणणार नाही. फक्त घराच्या वहीत सर्वांचे रकाने असावेत. किती वर्षे, कोणाच्या पैशाने, आणि नाही जमले तर पुढे काय, हे तीन प्रश्न सुरुवातीलाच सर्वांसमोर विचारून घ्यावेत. त्यात अविश्वास नाही. अमानतीचा हिशेब ठेवणे ही आपल्याकडे चांगलीच गोष्ट मानली आहे.

परवा आपाचा फोन आला. रविवारी भाचा तिघांना शिकवून आला. नव्या वहीत त्याने पहिल्याच ओळीत ‘जमा’ लिहिले. अक्षर वाईट आहे म्हणे, पण बेरीज बरोबर आहे. भाचीने तपासली. पुढच्या महिन्यात त्याची पहिली स्पर्धा आहे. त्या शुक्रवारी दुपारी अडीचला फोन येऊ नये, अशी दुआ आपाने करायला सांगितली आहे. आम्ही करतो आहोत, तुम्हीही करा.