एका बॅटरपुरता डावा हात?

जपानी व्यावसायिक बेसबॉलमधील डावखुऱ्या पिचरचे मोल विचारले की एक उत्तर हमखास मिळते: डावखुऱ्या बॅटरला बाद करण्यापुरता तो हवा. हे उत्तर अपुरे आहे, आणि इतिहासाच्या अभ्यासकाने तरी ते निमूट स्वीकारू नये.

त्यात तथ्य आहेच. दोघेही डावखुरे असले की चेंडू बॅटरच्या पाठीमागून आल्यासारखा भासतो आणि बाहेर वळत जातो. म्हणूनच मोक्याच्या क्षणी एकाच बॅटरसाठी डावखुरा पिचर आणण्याची 'वन पॉइंट' पद्धत तिथे रुजली. पण मुळात इतके डावखुरे बॅटर आले कुठून? डाव्या बाजूने खेळल्यास पहिला बेस जवळ पडतो, म्हणून उजव्या हाताची मुलेही तशी घडवली गेली. इचिरो आणि मात्सुई हिदेकी, दोघेही चेंडू उजव्या हाताने फेकत आणि बॅटिंग डाव्या बाजूने करत. म्हणजे ज्याला आपण निसर्गाची देणगी समजतो, त्याचा भाव निम्मा तरी प्रशिक्षकांनी वाढवला!

आता विक्रम पाहा. कानेदा मासाइची (१९५०-१९६९): ४०० विजय, ४,४९० स्ट्राइकआउट. ४०० चा आकडा तिथे दुसऱ्या कोणीही गाठलेला नाही. त्यांतील ३५३ विजय कोकुतेत्सु स्वॅलोज या रेल्वेच्या दुबळ्या संघासाठी. सर्वाधिक पराभवही त्यांचेच, २९८. एका बॅटरपुरता येणाऱ्याला एवढे हरणेही जमणार नाही.

किंवा १७ सप्टेंबर १९६८ घ्या. हानशिन टायगर्सचे एनात्सु युताका, वय २०. हंगामातील ३५३ स्ट्राइकआउटच्या विक्रमाशी त्यांनी बरोबरी साधली ती ओ सादाहारू यांना बाद करून. मग इतरांना स्ट्राइकआउट करणे मुद्दाम टाळले आणि ओ पुन्हा समोर येताच ३५४ वा घेतला. ओ डावखुरे होते, मान्य. पण मधल्या प्रत्येक बॅटरवर हुकमत असल्याखेरीज असली चैन परवडते का?

यामामोतो मासा यांनी तर चुनिची ड्रॅगन्सकडून २१९ विजय मिळवले आणि २००६ मध्ये, एक्केचाळिसाव्या वर्षी, नो-हिटर टाकला. २०१५ च्या निरोपाच्या सामन्यात, पन्नाशीत, ते खरोखरच एका बॅटरपुरते आले. बॅटर डाव्या बाजूने खेळणारा होता, बाद झाला. विरोधकांनी हा एक पुरावा खुशाल घ्यावा.