सणाची तारीख आणि आपली तारीख

गौरी-गणपती, नवरात्र, दिवाळी जवळ आली की घरातली बाई कॅलेंडर दोनदा बघते. एकदा सण कधी आहे ते, आणि दुसऱ्यांदा ‘आपली’ तारीख कधी आहे ते. दोन्ही एकाच आठवड्यात आल्या की टेन्शन सुरू. मग औषधाच्या दुकानातून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या येतात. मैत्रिणींनो, सणासुदीच्या ताणाबद्दल लिहायचं तर मला सुरुवात इथूनच करावीशी वाटते. फराळ, साफसफाई, पाहुणे यांबद्दल आपण निदान कुरकुर तरी करतो. याबद्दल मात्र चकार शब्द काढत नाही.

आमच्या बचत गटात गौरींच्या आधी हा विषय हमखास निघतो, तोही कुजबुजत. एकीने घेतलेली गोळी ती दुसरीला सांगते, दुसरी आपल्या जावेला. “अगं, काही होत नाही, मी दरवर्षी घेते!” डॉक्टरकडे कुणी जात नाही आणि दुकानदारही चिठ्ठी मागत नाही. एकीच्या सासूबाईंनी तर स्वतःच पाकीट आणून तिच्या हातात ठेवलं होतं.

या गोळ्यांत बहुतेक वेळा नॉरएथिस्टेरॉन नावाचं हार्मोन असतं. पाळीच्या तारखेच्या साधारण ३ दिवस आधी त्या सुरू करतात आणि बंद केल्यावर २-३ दिवसांत पाळी येते. म्हणजे आदल्या रात्री घाईघाईने गिळलेल्या गोळीचा भरवसा नाहीच. डॉक्टरांनी तपासून दिली तर बहुतेकींना मोठा त्रास होत नाही, हेही खरं. पण जिला पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली आहे, यकृताचा आजार आहे, स्तनाचा कर्करोग होऊन गेला आहे किंवा कारण न कळलेला रक्तस्राव होतो, तिच्यासाठी ही गोळी नाही. अर्धशिशी, बीपी, घरात कुणाला गुठळीचा त्रास, हे डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. आणि गोळ्या चालू असताना एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, अचानक धाप लागली, छातीत दुखलं किंवा डोकं भयंकर दुखून दिसेनासं झालं, तर गोळी थांबवून ताबडतोब दवाखाना गाठायचा. पाहुणे गेल्यावर नव्हे, त्याच क्षणी.

पूर्वी बायका ‘बाजूला बसत’. तेवढीच पाठ टेकायला मिळायची, असं जुन्या बायका सांगतात. ते दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही. पण मला तर वाटतं, ही गोळी आज देवासाठी जितकी घेतली जाते, त्याहून जास्त स्वयंपाकघरासाठी घेतली जाते. ती बाजूला झाली तर गौरींच्या १६ भाज्या कोण करणार? पुरण कोण वाटणार? नैवेद्याचं ताट कोण वाढणार? सोवळं हे नाव पुढे, खरी अडचण ही की दुसरं कुणी हे काम शिकलेलंच नाही.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात रोजचे सरासरी २९९ मिनिटं जातात असं दिसलं. जे पुरुष घरकाम करतात त्यांचे ९७. हा झाला साधा दिवस, सणाचा नव्हे. शिवाय २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला होता. म्हणजे निम्म्याहून अधिक! अशा अंगाने उपास करायचा, ओट्यापाशी तासन्‌तास उभं राहायचं आणि सगळ्यांची पानं उठल्यावर गार जेवायचं. वर बीपीची नाहीतर शुगरची गोळी गडबडीत राहून जाते. शुगरच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी नवरात्राचे कडक उपास डॉक्टरांना न विचारता धरूच नयेत, साखर एकदम खाली येऊ शकते.

विटाळाचं म्हणाल तर संत चोखामेळ्यांच्या पत्नी सोयराबाईंनी चौदाव्या शतकातच अभंगातून विचारलं होतं की विटाळापासून सुटलेला देह आहे तरी कुणाचा. त्यांना जातीच्या विटाळाचेही चटके बसले होते. तरीही कुणाची श्रद्धा मोडा असं मी सांगणार नाही. ज्या घरात पाळी पाळतात तिथे त्या वर्षी पूजा नवऱ्याने करावी, नैवेद्य जावेने दाखवावा, दिवाळीची करंजी विकत आणावी. (विकतची म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांसाठी : आमच्या गटातल्या बायकांची शाळेची फी त्या करंज्यांवर निघते.) गोळी घ्यायचीच असेल तर ती बाईच्या स्वतःच्या मर्जीने आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, सासूबाईंच्या पाकिटातून नव्हे.

आमच्या गटातल्या एकीची तारीख यंदा नेमकी गौरी जेवणाच्या दिवशी आली. तिने गोळी आणलीच नाही. कॉलेजातल्या मुलाला पुरणयंत्र हातात देऊन बसवलं आणि स्वतः खोलीतून सूचना देत राहिली. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “पुरण जरा जाडसर राहिलं होतं त्याचं.”