लेननची हरवलेली गिटार : पुरावा कशाला म्हणावे? (थ्रेड)

७ नोव्हेंबर २०१५ रोजी कॅलिफोर्नियातील बेव्हर्ली हिल्स येथे एका जुन्या गिटारीचा लिलाव झाला आणि बोली २४ लाख डॉलरांच्या पुढे गेली. गिटार बीटल्सच्या जॉन लेननची, ही बातमी जगभर पोहोचली. ती त्याचीच, हे कसे ठरले याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने थांबावे ते इथे.

वाद्य होते गिब्सन कंपनीची जे-१६०ई. दिसायला साधी लाकडी गिटार. पण पट्टीच्या टोकाशी पिकअप आणि अंगावर दोन बटणे असल्याने तारेने अ‍ॅम्प्लिफायरला जोडता येणारी. १९५४पासून ती अमेरिकेतील कलामाझू येथे तयार होई. ब्रिटनने १९५१ ते १९५९ या काळात अमेरिकी वाद्यांच्या आयातीवर निर्बंध घातले होते. त्यामुळे सप्टेंबर १९६२मध्ये लेनन आणि जॉर्ज हॅरिसन यांनी लिव्हरपूलच्या रशवर्थ्स या दुकानातून अशा दोन गिटारी घेतल्या, तेव्हा त्या शहरात ही अपूर्वाईची परदेशी वस्तू होती. किंमत प्रत्येकी १६१ पौंडांच्या आसपास. डिसेंबर १९६३मध्ये लंडनच्या फिन्सबरी पार्क येथील नाताळच्या कार्यक्रमांदरम्यान लेननची गिटार नाहीशी झाली.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस सॅन डिएगोतील एका गृहस्थाने ती मित्राकडून पावणेदोनशे डॉलरांच्या आसपास विकत घेतली आणि अनेक वर्षे निश्चिंतपणे वाजवली! २०१४मध्ये हॅरिसनच्या गिटारीवरील एक लेख त्याच्या पाहण्यात आला. आपल्या गिटारीचा अनुक्रमांक, ७३१५७, त्या गिटारीच्या क्रमांकापासून अवघ्या चार अंकांवर आहे, हे त्याच्या ध्यानी आले.

एवढ्याने प्रकरण मिटले असे मानणे भाबडेपणाचे ठरले असते. १९६०च्या दशकात गिब्सनने एकच अनुक्रमांक एकाहून अधिक वाद्यांवर टाकल्याची उदाहरणे आहेत. ताम्रपटावर राजाचे नाव आहे म्हणून ताम्रपट अस्सल ठरत नाही, तसेच हे. निर्णायक साक्ष दिली ती लाकडाने. वाद्यांचे अभ्यासक अँडी बाबियुक यांनी दर्शनी फळीवरील रेषा आणि ओरखडे १९६२-६३च्या छायाचित्रांशी ताडून पाहिले. दोन फळ्यांच्या रेषा तंतोतंत सारख्या नसतात, आणि वरचा रंग बदलला तरी त्या पुसल्या जात नाहीत. लेननने १९६४मध्ये घेतलेली दुसरी जे-१६०ई पुढे रंगवली गेली, मग रंग खरवडून काढला गेला. तिचे लाकूड मात्र तेच राहिले.

ओळख पटली म्हणजे गुणवत्ता सिद्ध झाली, असा समज बाजार आनंदाने जोपासतो. जे-१६०ईची दर्शनी फळी प्लायवूडची आणि आतील आधारपट्ट्या शिडीसारख्या आडव्या. अ‍ॅम्प्लिफायरविना तिचा आवाज दबका वाटतो, म्हणून अनेक जाणकार तिला नाक मुरडतात. या निवाड्यात कालविपर्यास आहे. नुसत्या लाकडी नादासाठी ती घडवलेलीच नव्हती. फळी कमी थरथरावी आणि मोठ्या आवाजात घोंघावणारा फीडबॅक टळावा, हाच प्लायवूडचा हेतू होता. गंमत अशी, की ऑक्टोबर १९६४मध्ये ‘आय फील फाइन’च्या आरंभी लेननने याच जातीच्या गिटारीतून तो फीडबॅक मुद्दाम काढला आणि ध्वनिमुद्रिकेवर ठेवला. दोष म्हणून टाळलेला आवाज तिथे गाण्याचा आरंभ झाला.

तेव्हा अशा वाद्याचे मोल ठरवताना दोन हिशेब वेगळे मांडावे लागतात : ते कोणाचे होते, आणि ते ज्या कामासाठी घडले ते काम त्याने कसे केले. २४ लाखांची बोली केवळ पहिल्या हिशेबाची आहे. लाकूड गिटार कोणती हे सांगते. फिन्सबरी पार्कहून ती कॅलिफोर्नियात कोणाच्या हातांनी पोहोचली, याबाबत ते मूक आहे. मालकीच्या साखळीतील ही तुटलेली कडी लिलावाच्या झगमगाटात जवळजवळ कोणालाच खटकली नाही. खटकायला हवी होती.