आमची गल्ली आदेशात कुठे आहे?

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, धाराशिव
तथा अध्यक्ष, श्री तुळजाभवानी मंदिर संस्थान, तुळजापूर

विषय: नवरात्र व आश्विन पौर्णिमेच्या काळातली वाहनबंदी

महोदय,



हे पत्र मी अधिक ज्येष्ठात लिहितो आहे. नवरात्राला अजून बराच अवकाश आहे, महाद्वार रोडवर दुपारी कुत्री निवांत झोपलेली असतात आणि घाटशीळच्या वाहनतळावर पोरं क्रिकेट खेळतात. बॅरिकेड लागले की मगच ओरडायचं, असा आमच्या गावाचा रिवाज. पण तेव्हा ऐकायला कुणाला सवड नसते. नाक्यावरचा शिपाई बहुधा परजिल्ह्यातून बंदोबस्ताला आलेला, सकाळपासून उन्हात उभा. शुक्रवार पेठ कुठली आणि मंगळवार पेठ कुठली, हे त्याला माहीत असायचं कारण नाही. "मावशी, मला वरून आदेश आहे," एवढंच तो म्हणू शकतो. त्यावर मावशी देवळाच्या दिशेने हात करते, "माझं घर तिच्या दारात हाय, तिला विचार."

आधीच सांगतो, बंदी उठवा असं मागणारा मी नाही. 25 जानेवारी 2005 ला मांढरदेवीला काय झालं ते आम्ही विसरलेलो नाही. चेंगराचेंगरीत एका दिवसात जवळपास तीनशे माणसं गेली. आमचं देऊळ तर खोलगट भागात, पायऱ्या उतरून जायचं, आणि भोवतीच्या गल्ल्या दोन बैल शेजारी चालतील एवढ्याच. तिथे अष्टमीच्या गर्दीत एखादी जीप घुसली तर काय होईल, हे आम्हाला समजावून सांगायची गरज नाही. नवरात्राच्या तोंडावर गावोगावची मंडळं ज्योत न्यायला येतात. पेटती ज्योत हातात घेऊन अनवाणी पळणारी पोरं आणि त्यांच्या मागे हॉर्न वाजवणारे टेम्पो एकाच रस्त्यावर नकोतच.

कोजागरीला सोलापूरचा रस्ता वाहनांना बंद होतो, तेही योग्यच. सोलापूरहून, कलबुर्गी-विजयपूरकडून आलेली माणसं तो पंचेचाळीस किलोमीटरचा रस्ता रात्रभर चालतात. उळ्यापासून माळुंब्र्यापर्यंत कडेला चहा, केळी, भाताची पातेली मांडलेली असतात. त्या रात्री तो राष्ट्रीय महामार्ग राहत नाही, अंगण होतो. मी स्वतः तरुणपणी चाललोय. ट्रक नसलेल्या रस्त्यावर इतकी माणसं एकदम बोलतात तेव्हा कसा आवाज येतो, तो अजून कानात आहे.

मग तक्रार काय? तक्रार अशी, की आदेशात भाविक असतो, जड वाहन असतं, हलकं वाहन असतं, पर्यायी मार्ग असतो. धाराशिवहून सोलापूरला जाणाऱ्याने वैरागवरून जावं, हेही लिहिलेलं असतं. ज्याला तुळजापुरातून कुठेही जायचं नाही, जो इथेच राहतो, त्याच्यासाठी मात्र त्यात ओळ सापडत नाही. सोलापूरच्या ट्रकला वळसा मिळतो. दूधवाल्याने कुठून वळायचं?

पेठेत कुणालाही विचारा, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कुंकवाच्या दुकानदाराला बंदी गोड लागते, कारण चालणारा माणूस थांबतो, परडी बघतो, कवड्यांची माळ हातात घेतो. गाडीतला माणूस थेट पुढे जातो. पण त्याच दुकानदाराचं हळदीचं पोतं बॅरिकेडबाहेर पडून राहतं आणि हमाल नेहमीच्या दुप्पट मागतो. पुजाऱ्याच्या घरी यजमान उतरतात. त्यांची गाडी हडकोच्या वाहनतळावर, म्हातारी आई गाडीत, आणि तिला घरापर्यंत कसं आणायचं याची फोनाफोनी पुजाऱ्याच्या सुनेच्या माथी. रिक्षावाल्यांत दोन तट आहेत. एक म्हणतो, चार पैसे मिळायचे दिवस आणि नेमकी तेव्हाच आम्हाला आत बंदी. दुसरा वाहनतळावरून भरपूर फेऱ्या मारतो आणि काही बोलत नाही. मुली नवरात्रात माहेरी येतात त्या लातूरच्या, बार्शीच्या नंबरच्या गाड्यांतून. वाहनपास गाडीच्या नंबरवर निघतो, माहेरपणावर नाही.

आणि शेतकरी. या भागात सोयाबीन निघतं ते नेमकं दसरा-कोजागरीच्या सुमाराला. मळणी झालेला माल पावसाच्या भीतीने उघड्यावर ठेवता येत नाही आणि तामलवाडीपासून पुढचा रस्ता चार दिवस बंद. रस्त्याकडेच्या या गावांना आपण वारीच्या वाटेवरची गावं म्हणतो. त्या दिवसांत ती रस्त्यापलीकडची गावं होतात. गेल्या वर्षी ऐन नवरात्रात परंडा-भूम भाग पाण्याखाली गेला, सीना पात्राबाहेर आली. अशा वेळी पर्यायी मार्गाला आणखी एक पर्यायी मार्ग लागतो, हे आपल्याला आमच्यापेक्षा जास्त माहीत असेल. त्या आठवड्यात आपली कचेरी झोपली नसणार.

आता थोडं कायद्याचं. मोटार वाहन कायदा 1988, कलम 115. सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा सोयीसाठी वाहनांवर बंदी घालता येते, ती या कलमाखाली. बंदी महिन्यापेक्षा जास्त असेल तर ती राजपत्रात छापावी लागते. महिन्याच्या आत असेल तर राजपत्र नको, मात्र परिस्थितीनुसार शक्य तेवढी स्थानिक प्रसिद्धी द्यायची, असं कलमातच लिहिलं आहे. मी शिक्षक होतो, वाक्याचं पृथक्करण ही जुनी खोड. 'परिस्थितीनुसार शक्य तेवढी' हे शब्द महापुरासारख्या, अपघातासारख्या अचानक आलेल्या गोष्टींसाठी ठीक आहेत. नवरात्र अचानक येतं का? आपल्या शेजारी सोलापुरातूनच दाते पंचांग निघतं. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे घटस्थापना गेल्या वर्षीच्या 22 सप्टेंबरवरून 11 ऑक्टोबरवर गेली आहे, आणि कोजागरी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात. हे गुढीपाडव्याला पंचांग उघडणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. मग बंदीचा कागद आम्हाला सणाच्या तोंडावर व्हॉट्सअॅपवर, दहाव्यांदा पुढे ढकललेल्या अंधूक फोटोतच का दिसावा? पंचांगासारखा तो आधीच छापा. गणपती बसायच्या आत नगरपरिषदेच्या फलकावर, बसस्थानकावर, रेशन दुकानावर लावा. ठरलेली तारीख आयत्या वेळी बदलली तर कुणी तक्रार करणार नाही. निदान बदललं काय ते तरी कळेल.

माथेरानचं उदाहरण देतो. तिथे गावात मोटार नाहीच, कायमची. तरी तिथे लोक राहतात, दुकानं चालतात, गॅसची टाकी घरी पोचते, कारण दस्तुरी नाक्यावर मोटार थांबली की पुढे माल कसा जाणार, हे सगळ्यांना माहीत असतं. घोडा, हातगाडी, अलीकडे सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने ई-रिक्षाही आल्या. आमच्याकडे बॅरिकेड आहे, त्याच्या आतली सोय प्रत्येकाने आपापल्या ओळखीवर बघायची. ज्याची नाक्यावर ओळख, त्याचा सिलिंडर आत. ओळख नसलेला सायकलच्या कॅरिअरला सुतळीने बांधून गर्दीतून ढकलत नेतो. दुचाकी चालेल की नाही, याचं उत्तर तर सकाळी एक आणि संध्याकाळी वेगळं.

म्हणून आदेशात आमच्यासाठी एक परिच्छेद घाला. दिवसातून दोनदा ठरलेला तास, ज्यात दूध, भाजी, गॅस, पाण्याचे जार एका ठरलेल्या वाटेने आत येतील. कोणता तास, ते मी सांगणार नाही. गर्दीच्या दिवसांत देऊळ मध्यरात्रीनंतरच उघडतं, त्यामुळे 'रात्री रस्ता मोकळा असतो' हे बाहेरच्याला वाटतं तसं नसतं. मंदिर परिसरात कॅमेरे आहेत. गेल्या नवरात्राचं चित्रीकरण एका दुपारी बघितलं तर गर्दी कधी ओसरते ते आपोआप कळेल. पास घरावर द्या, गाडीवर नको. वाहनतळापासून पेठांपर्यंत म्हाताऱ्यांसाठी ई-रिक्षा ठेवा. डायलिसिसला आठवड्यातून दोनदा सोलापूर गाठणारी माणसं या गावात आहेत. त्यांना कोजागरीच्या चार दिवसांत कोणत्या फोनवर बोलायचं, तो नंबर आदेशाच्या पहिल्या पानावर ठळक हवा.

हे सगळं मी आपल्यालाच का लिहितोय, पोलीस अधीक्षकांना का नाही? कारण तुमच्याकडे दोन खुर्च्या आहेत. एका खुर्चीवरून तुम्ही रस्ता बंद करता, दुसरीवरून भाविकांना बोलावता. आता मंदिर विकासासाठी 1865 कोटींचा आराखडा मंजूर झाला आहे, सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेचं काम चालू आहे. उद्या गाडी सुरू झाली की कोजागरीची गर्दी आठवड्यातून दोनदा होईल, आणि नवरात्रापुरतं असलेलं बॅरिकेड मंगळवारी-शुक्रवारी लागायला लागेल. म्हणजे पेठेतल्या माणसाची सोय हा सणापुरता प्रश्न राहणार नाही. आराखड्यात भाविकांसाठी पायऱ्या, दर्शन मंडप, वाहनतळ येतील. तेव्हा रहिवाशाची दारापर्यंतची वाटही नकाशावर आखून घ्या, तिला वेगळे पैसेही फारसे लागणार नाहीत.

आदेश काढण्याआधी पेठांतल्या माणसांची एक बैठक घ्या. संस्थानच्या सभागृहात नको, तिथे पुढच्या रांगेत नेहमीचीच माणसं बसतात. शाळेच्या पटांगणात घ्या. दूधवाला, रिक्षावाला, पुजाऱ्याची ती सून, तामलवाडीचा एखादा शेतकरी आणि बंदोबस्ताचा नकाशा काढणारा अधिकारी समोरासमोर बसू द्या. फक्त वेळ सांभाळा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात देवी मंचकी निद्रेला जाते. त्यानंतर या गावात कुणाच्याच डोळ्याला डोळा लागत नाही, आपल्याही. तिला झोप लागायच्या आत या.

आपला,
शुक्रवार पेठेतला एक निवृत्त शिक्षक