दुखतंय म्हणजे दुखतंय



अंक तीन आठवडे उशिरा निघतोय. पैसे नव्हते, हे कारण मी देणार नाही. पैसे कधीच नसतात, तरी अंक निघतो. या वेळी संपादकाची पाठ धरली होती. दोन महिने मी कमरेला पट्टा बांधून हिंडत होतो. स्टेशनपासून वस्तीपर्यंत ज्याने विचारलं त्याला सांगितलं, मणक्यात गॅप आहे. लोकांनी माना हलवल्या. कुणी पिशवी धरली, कुणी बसायला जागा दिली.

मणक्यात गॅप नव्हता. मी खोटं बोललो. आज या पानावर ते कबूल करतोय, कारण हे खोटं माझ्या एकट्याचं नाही.

खरं असं की पुण्यात मी दीड वर्ष कंत्राटी नोकरी केली. पहिल्याच आठवड्यात साहेबाने आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग हसत म्हणाला, "कोट्यातून का?" कंत्राटी नोकरीला कसला आलाय कोटा! पण बाकीचे चौघे हसले. पुढे माझी चूक झाली की ती 'यांची' चूक असायची. चहाला मी बसलो की टेबल हळूच रिकामं व्हायचं. मी बोललो नाही. खोलीचं भाडं होतं, घरी पैसे पाठवायचे होते. दात आवळले आणि काम केलं. सहाव्या महिन्यात दर सोमवारी सकाळी पाठ लाकडासारखी व्हायला लागली. मग रोज. शेवटी बूट घालायला वाकता येईना, तेव्हा नोकरी सोडून चाळीसगावला परत आलो.

एक्स-रे काढला. उसने पैसे घेऊन एमआरआय काढला. रिपोर्ट स्वच्छ. डॉक्टरने फिल्म दिव्यासमोर धरली आणि म्हणाला, "काही नाही तुम्हाला. टेन्शन घेऊ नका." पुढचा पेशंट दारात उभा होता.

टेन्शन घेऊ नका म्हणे! मी घेत नव्हतो हो, मला देत होते.

मणका शाबूत आहे म्हणून मला आनंद व्हायला पाहिजे होता. वाटली ती लाज. 'काही नाही' हे लोकांना सांगायचं कसं? म्हणून मेडिकलमधून पट्टा आणला. पाठीला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. तो लोकांच्या डोळ्यांसाठी होता. मोडलेल्या हाडाला प्लास्टर असतं, तापाला थर्मामीटर असतो. ज्याला पुरावा नाही ते नाटक. आपल्याला प्रत्येक अर्जाला दाखला जोडायची सवय. मी दुखण्यालाही जोडला.

आणि सगळ्यात जास्त लाज कुणाची वाटली? साहेबाची नाही. तुमची. आपल्या बैठकीतल्या पोरांची. छातीवर गोळ्या झेलायच्या घोषणा देणाऱ्याची पाठ चहाच्या रिकाम्या टेबलाने धरते, हे बोलायचं कुठल्या तोंडाने? आपल्या गटात एक पोरगी होती, आठवते? सभेत बोलायची वेळ आली की तिच्या पोटात कळ यायची, घाम फुटायचा. घरी रोजची भांडणं, रस्त्यावर रोजचे टोमणे आणि वर आपल्या अपेक्षा. कुणीतरी म्हणालं, "हिची नाटकं सुरू झाली." आपण हसलो. मीही हसलो. ती यायची बंद झाली. आपण त्याची साधी दखलही घेतली नाही. माझ्यावर पाळी आली तेव्हा तेच हसणं माझ्या कानात होतं.

या गावाला एका मोडलेल्या पायाचा इतिहास आहे. आपण तो जयंतीला सांगतो, पण अर्धाच सांगतो. १९२९ साली मुंबई सरकारने नेमलेल्या समितीच्या कामासाठी बाबासाहेब खानदेशात आले होते. धुळ्याकडच्या एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगाव स्टेशनवर उतरले. वस्तीतले लोक हार घेऊन हजर होते. पण कुणी हलेना. तासभर गेला. मग एक टांगा आला. हाकणारा नवखा होता. थोड्याच अंतरावर मोटारीची धडक होता होता वाचली. पुढे नदीच्या मोरीवर घोडा उधळला, चाक दगडावर आदळलं आणि बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले. टांगा घोड्यासकट नदीत. ते बेशुद्ध पडले, पाय मोडला.

नंतर त्यांनी चौकशी केली तेव्हा खरं कळलं. एकही टांगेवाला अस्पृश्याला टांग्यात बसवून हाकायला तयार नव्हता. आणि आपल्या लोकांना साहेबांनी पायी चालत यावं हे पटत नव्हतं. मग तोड निघाली. टांगा मालकाचा, हाकणारा आपल्यातला. त्याने जन्मात टांगा हाकला नव्हता.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लिखाणात बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः सांगितलाय. त्यातल्या दोन गोष्टी बघा. पहिली, ते घोड्याला दोष देऊन थांबत नाहीत. हाड दगडावर मोडलं, पण कारण दगड नव्हतं. ते मागे मागे जात स्टेशनबाहेरच्या टांगेवाल्याच्या नकारापर्यंत पोचतात. दुसरी गोष्ट आपण भाषणात गाळतो. आपल्याच लोकांबद्दल ते म्हणतात, की प्रवाशाच्या इभ्रतीपेक्षा त्याचा जीव मोठा, हे ही माणसं विसरली. प्रेमापोटी विसरली, पण विसरली.

आज आपण तेच करतोय. लढणाऱ्याला टेन्शन येत नाही, रडायचं नाही, कण्हायचं नाही. ही आपली इभ्रत. आणि या इभ्रतीपायी आपण आपल्याच पोरापोरींना नवख्याच्या टांग्यात बसवतोय.

मोडलेला पाय दिसतो तरी. न दिसणाऱ्याचं काय?

३१ ऑगस्ट २०२१ ची पहाट या गावात कुणी विसरणार नाही. तितूर आणि डोंगरी, दोन्ही नद्या गावात शिरल्या. आमच्या घरात छातीएवढं पाणी. मायने अंधारात हाताला लागेल ते माळ्यावर टाकलं आणि स्वतः पत्र्यावर चढली. पाणी ओसरल्यावर पंचनाम्याला माणसं आली. भिंत लिहिली, भांडी लिहिली, शेळी लिहिली. मायचं डोकं कुणी लिहिलं नाही. त्या पावसापासून आभाळ भरून आलं की तिची मान आखडते, डोकं फुटायला लागतं, छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं. "काही नही व्हयनं मले," म्हणत ती फडकं घट्ट आवळून बांधते आणि भाकरी थापायला बसते. शेजारीण म्हणाली, बाहेरचं आहे, भगताकडे न्या. काका म्हणाला, कामचुकारपणा. आणि मी, शिकलेला पोरगा, म्हणालो, "माय, तुझ्या मनाचं आहे ते." तिने मान फिरवली. मला वाटलं मी विज्ञान सांगितलं. खरं तर मी भगताइतकंच अडाणी बोललो होतो. तिला ऐकू आलं ते एवढंच, की पोरगा आपल्याला खोटं पाडतोय.

मग विज्ञान काय म्हणतं? धोका दिसला की शरीर तयारीला लागतं. ॲड्रेनलिन, कॉर्टिसॉल रक्तात उतरतं. काळीज धडधडतं, मान, खांदे, पाठ यांचे स्नायू आवळतात, पोटाचं काम बिघडतं. वाघ समोर आला आणि निघून गेला तर सगळं शांत होतं. पण वाघ रोज दहा ते सहा समोरच्या खुर्चीवर बसलेला असेल तर? स्नायू सुटत नाहीत, झोप उडते आणि मज्जासंस्था हळवी होते. मग साधं वाकणंसुद्धा तिला हल्ला वाटतो. लाऊडस्पीकरचा आवाज कुणी वाढवून ठेवावा तसं.

१९६५ साली मेलझॅक आणि वॉल या दोघांनी मांडलं, की शरीराकडून येणारा वेदनेचा निरोप मेंदूकडे सरळ जात नाही. पाठीच्या कण्यात जणू एक दरवाजा असतो आणि मेंदूकडून येणारे निरोप तो कमीजास्त उघडतात. भीती, चिंता, लक्ष, जुना अनुभव, सगळं त्यात येतं. त्यांच्या मांडणीत पुढे दुरुस्त्या झाल्या, पण मूळ मुद्दा टिकला. पाय कापून टाकलेल्या माणसाला नसलेल्या पायाची बोटं दुखतात. तो काय खोटं बोलतो? वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ साली वेदनेची व्याख्या केली आणि तिच्यात शरीराबरोबर भावनाही धरली. २०२० साली ती व्याख्या सुधारली, तेव्हा सोबत स्पष्ट लिहिलं की वेदनेवर शरीर, मन आणि समाज या तिन्हींचा कमीजास्त परिणाम असतो, आणि दुखतंय असं जो सांगतो त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे.

दुखतंय म्हणजे दुखतंय. कारण मनात असो, ऑफिसात असो की नदीच्या पुरात. दुखणं खरंच असतं.

पण 'मनाचं आहे' या शब्दांवर आपल्या लोकांचा भरवसा नाही, त्यालाही कारण आहे. जात आता राहिली कुठे, तुमच्याच डोक्यात आहे, असं जे म्हणतात तेच दुखण्याबद्दलही तसंच म्हणतात. दोन्ही वेळा मतलब एकच. फाईल बंद करा. गरिबाच्या, बाईच्या, आपल्या वस्तीतल्या माणसाच्या दुखण्यावर हा शिक्का लवकर बसतो. म्हणून सांगतो, आधी तपासणी हक्काने करून घ्या. सगळी दुखणी ताणाची नसतात. १९४०च्या दशकात बाबासाहेबांना पायांच्या दुखण्याने झोप येत नव्हती. तो मधुमेह होता, नसांचं दुखणं होतं, त्याला औषधपाणीच पाहिजे होतं. पाय बधिर होत असतील, लघवी-संडासवरचा ताबा जात असेल, ताप किंवा वजन घटत असेल, छातीत दाबून घाम फुटत असेल, तर थांबू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. 'टेन्शन असेल' म्हणून घरी बसणं हाही जीवघेणा अडाणीपणाच.

आणि तपासणी स्वच्छ निघाली तर 'काही नाही' हे उत्तर घेऊन परत येऊ नका. विचारा, मग दुखतंय कशाने? पुढे काय करायचं? मेडिकलवरून सुट्या गोळ्या आणून महिनोन्‌महिने खाऊ नका. पोट आणि किडनी दोन्ही जातात. हळूहळू हालचाल वाढवणं, झोप, जाणकाराशी बोलून केलेला उपचार, यांनी अशी दुखणी उतरतात. मुळात नैराश्यावरच्या असलेल्या काही गोळ्या दुखण्यावरही देतात. चिठ्ठीवरचं नाव बघून दचकू नका. ती आपल्या मनाने सुरू करू नका आणि आपल्या मनाने बंदही करू नका. मानसोपचाराचं नाव काढलं की 'येरवड्याला धाडा' म्हणून दात काढणारे आपल्यातही आहेत. त्यांना सांगा, २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेत उपचार मिळणं हा हक्क आहे. भीक नाही. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या नंबरावर सरकारची टेली-मानस सेवा आहे. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि भूत काढायच्या नावाखाली कुणी मारझोड केली, तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे.

काही दोस्त म्हणतील, संपादक मवाळ झाला. व्यवस्था बदलायची सोडून व्यायाम सांगतोय. नाही. साहेबाचं ते हसणं व्यायामाने जाणार नाही, त्याच्याशी लढावंच लागेल. पण लढायचं तर वाकता आलं पाहिजे, उभं राहता आलं पाहिजे, रात्री झोप लागली पाहिजे. मोडलेला पाय बसवून घेतल्याने बाबासाहेबांची लढाई मवाळ झाली नाही. गोळीने अन्याय जात नाही आणि घोषणेने पाठ सुटत नाही. दोन्ही कामं वेगळी, दोन्ही करायची.

पट्टा आता खुंटीला आहे. पाठ अजून अधूनमधून धरते, पण विचारणाऱ्याला आता मी खरं सांगतो. परवा मायला म्हणालो, "माय, तुझं दुखणं खरं आहे. पुराने दिलंय ते." ती काही बोलली नाही. फडकं सोडलं, घडी घातली, आणि पहिल्यांदा त्या रात्रीची सगळी हकिगत सांगितली. चहा दोनदा गार झाला. दुखणं गेलं असं मी म्हणणार नाही. पण पुढच्या आठवड्यात दवाखान्यात यायला ती आपणहून तयार झाली.

पुढच्या बैठकीत ठराव-बिराव नंतर. पहिला अर्धा तास एकच विषय, कुणाचं काय दुखतंय. कुणी हसणार नाही. हसला तर बाहेर.

आणि ती पोरगी हा अंक वाचत असेल तर तिला सांगायचंय. तुझ्या पोटात दुखत होतं. आम्ही चुकलो. परत ये. बोलायचं नसेल तर नुसती बस.

जय भीम.