नावाचे भय कशाला?

२०१५ पासून दरवर्षी २१ जूनला योगदिन आला, की सिंदी (रेल्वे)च्या आपल्या कुटुंबांतून एकच तोडगा कानी येतो : मुलांनी आसने करावीत, पण त्यांची संस्कृत नावे व त्यांमागील कथा शिकू नयेत. हा तोडगा भित्रेपणाचा आहे.

वीरभद्रासन करणाऱ्या मुलाला दक्षयज्ञातील सतीचा अपमान आणि शिवाच्या जटेतून उत्पन्न झालेला वीरभद्र ठाऊक झाला, म्हणून त्याचा बाप्तिस्मा पुसला जात नाही. कथा जाणणे म्हणजे पूजा करणे नव्हे. दानिएल बाबेलची भाषा व विद्या शिकला. नाकारले ते राजाच्या ताटातील अन्न. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त प्रभूचे चरित्र ओवीबद्ध केले व स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले. पवनारच्या विनोबांनी ‘ख्रिस्तधर्म-सार’ सिद्ध केले. त्याने त्यांचा धर्म बदलला नाही.

सावधपण हवेच. शरीराला लाभणारी शांती हेच पवित्र आत्म्याचे सांत्वन, असे मानू नये, असे व्हॅटिकनने १९८९ च्या पत्रात बजावले आहे. म्हणजे धोका असलाच तर तो न समजता केलेल्या साधनेत आहे, समजून घेतलेल्या कथेत नाही. आपण नेमके उलटे करतो!

मुलांना नावे व कथा अवश्य शिकू द्या. गुडघे कोणापुढे टेकावयाचे, हे मात्र घरच्या सायंप्रार्थनेतून शिकवा. ती प्रार्थनाच जेथे थांबली आहे, तेथे वीरभद्राला दोष देऊन काय उपयोग?